पंडित गुणनिधींचे पान चौदा

वामनराव मास्तरांसारखा स्वतःच्याच लिखाणात अडकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. इचोड्याच्या शाळेत त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. निजामाच्या अमदानीत बिचारे उर्दू घोकून मास्तर झाले. पोलीस कारवाईनंतर मराठी शाळा निघाली, तेव्हा कुठे त्यांचा जीव रमला. आणि छप्पन साली कळले, की किनवट मुंबई राज्यात जाणार आणि आपण आंध्रात. इथे राहणाऱ्या मास्तरांना तेलुगूची परीक्षा द्यावी लागणार, असे बोलले जात होते. ज्यांना किनवटकडे जायचे त्यांनी महिन्याच्या आत लिहून द्यायचे होते. चाळिशी उलटल्यावर पुन्हा मुळाक्षरे गिरवायची, या विचारानेच वामनरावांची झोप उडाली होती. त्यांना जायचेच होते.

अडले ते घरात. त्यांच्या पत्नी देवकाबाई म्हणाल्या, पंडित गुणनिधींनी नाही सांगितलंय.

या पंडितांची पुस्तके नागपूरहून ट्रकने इचोड्याच्या बाजारात यायची. गुरांचे आजार, सासरहून लिहायची पत्रे, कपाशीवरची कीड, स्वप्नांचे अर्थ. विषय कोणताही असो, वर नाव एकच. एवढे सगळे एकाच डोक्यात मावते कसे, हा प्रश्न आमच्याकडे कुणालाच पडला नाही. त्यांच्या शकुनांच्या पुस्तकात चौदाव्या पानावर छापले होते, की नांदते बिऱ्हाड मावळतीच्या दिशेस हलवू नये, तीन वर्षांत घर बसते. किनवट मावळतीला. देवकाबाईंची दोन लेकरे गेली होती, एक लेक मालन तेवढी उरली होती.

वामनरावांनी मला शाळेतच सांगितले, ती ओळ त्यांची. पंडित कुणी नव्हतेच. नागपूरचे प्रकाशक उद्धवराव चार-पाच जणांकडून लिहून घेत आणि वर ते नाव घालत. चौदावे पान थोडे रिकामे राहत होते, म्हणून वामनरावांनी मनानेच ती ओळ ठोकून दिली होती. नाव फोडायचे नाही ही उद्धवरावांची अट, म्हणून घरी सांगून ठेवले होते, की मी पंडितांच्या लिखाणाच्या नकला करतो.

शेवटी त्यांनी माझ्यादेखत बायकोला खरे काय ते सांगितले. देवकाबाई चिडल्या नाहीत, त्यांना नवऱ्याची कीव आली.

"जायासाठी आता पंडितच झाले का तुमी? माही एकच पोर राह्यली."

मग त्यांनी माझ्याकडून पंडितांना पत्र लिहवून घेतले, जावे की न जावे. वामनराव खूश झाले. वाचकांच्या शंका उद्धवराव ज्याचे पुस्तक त्याच्याकडेच धाडत, उत्तरही तोच देई. पत्र फिरून आपल्याच हातात येणार, आपणच 'अवश्य जावे' लिहिणार! मुदत संपायला अठरा दिवस होते. त्यांनी उत्तराचा मसुदासुद्धा करून ठेवला.

पत्र त्यांच्याकडे आलेच नाही. अठरापैकी पंधरा दिवस गेल्यावर देवकाबाईंच्या नावाने थेट उत्तर आले. तिकडच्या दुसऱ्या कुठल्या तरी गुणनिधींनी लिहिले होते: पान चौदा पाहावे, आमचा शब्द बदलत नाही. ते मीच वाचून दाखवले. वामनराव ऐकत उभे होते. मला त्यांचा राग आला, आणि माझाही. 'अवश्य जावे' असे खोटेच वाचून दाखवायला मला काय झाले होते? त्यांनी मुदतीत काही लिहून दिले नाही. एकट्याने जाऊन काय करणार होते?

वर्षभरात परीक्षेचा हुकूम आला. एका बाजारच्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा देवकाबाई पिशवीतून एक नवे पुस्तक काढून घेऊन आल्या. तीस दिवसांत तेलुगू, पंडित गुणनिधी.

"पंडितांचंच हाय. नीट घोका, पास व्हान," असे म्हणून त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिले आणि समोरच भाजी निवडत बसल्या.

वामनरावांनी पहिले पान उघडले आणि पाटीवर अक्षर गिरवायला घेतले. त्यांचा चेहरा पाहून मला कळले. हे कधी लिहिलंत, मी हळूच विचारले. उन्हाळ्यात, म्हणाले. उद्धवरावांची मागणी आली, पहिलीचे तेलुगू पुस्तक समोर ठेवून उतरवले.

मी विचारले, यातले बरोबर किती?

"ते मले कसं समजावं, गुरुजी?"