ब्रेकबाईंच्या गाडीवरची अक्षरं

ज्या बाईने निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, तिला लोकांनी काहीतरी भारदस्त नाव द्यायला हवं होतं. पण बाई बावीस वर्षं शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्या आणि पायाखालचा जादा ब्रेक इतक्यांदा दाबत आल्या, की त्यांचं नाव ब्रेकबाई पडलं ते पडलंच. निवृत्तीच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलने त्यांना त्यांचीच लाल गाडी भेट दिली. अट एकच होती. रस्त्यावर आणण्याआधी गाडीवरची स्कूलची सगळी अक्षरं आणि मागचा बिल्ला काढून टाकायचा.

अट ऐकून बाई हरखूनच गेल्या, त्याला कारण त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बाईंना ताईनेच वाढवलं होतं. ती शेजारच्याच गल्लीत राहायची, आणि बावीस वर्षांत या गाडीत एकदाही बसली नव्हती. हातात दोन जड पिशव्या असल्या तरी चालत जायची. का म्हणून विचारलं, तर गाडीच्या दाराकडे बोट दाखवायची. एवढं मोठं 'शिकाऊ' लिहिलेल्या गाडीत बसले तर लोकांना वाटेल, म्हातारीला या वयात गाडीचं खूळ लागलंय. बाई वरवर हसायच्या, पण ते त्यांना फार लागायचं. जिने आपल्याला कडेवर घेऊन फिरवलं, तिला आपण साधं बाजारापर्यंत नेऊ शकत नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. आता अक्षरं गेली की ताईला सबबच उरणार नव्हती. रविवारी अकराला तयार होऊन ये, असं त्यांनी फर्मानच सोडलं.

रविवारी सकाळी सातला बाई आवारात उतरल्या, त्या स्वयंपाकघरातला कालथा घेऊनच. नशीब चांगलं म्हणून तेवढ्यात त्याच आवारात राहणारा पेंटर आला. गाड्यांवर अक्षरं चिकटवणं आणि काढणं हा त्याचा धंदा, आणि एके काळी तो बाईंचा सगळ्यात भयंकर विद्यार्थी होता. एका फेरीत दोन कचरापेट्या आणि एक फळगाडी आडवी करण्याचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. कालथा बघून त्याने कपाळावर हात मारून घेतला. कालथ्याने खरवडलं असतं तर अक्षरांबरोबर रंगही गेला असता.

मग खालच्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून वायर आली आणि तिला बाईंच्या भाचीचा हेअर ड्रायर लागला. गाडी आधी धुवून घेतली, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली राहिला तरी ओरखडा उठतो. मग एकेक अक्षर गरम करायचं. ड्रायर एका जागी धरायचा नाही, हलवत राहायचा. कड सैल झाली की नखाने उचलायची, आणि पट्टी वर न खेचता उलटी दुमडून पत्र्यालगत हळूहळू ओढत न्यायची. एवढं सगळं ऐकून घेऊन बाईंनी पहिलंच अक्षर सर्रकन ओढलं. त्याचे तीन तुकडे झाले.

"सावकाश, बाई," पेंटर म्हणाला.

हा शब्द बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता, स्वतः कधी ऐकला नव्हता. आधी त्या चिडल्या, मग त्यांना हसण्याची अशी काही उबळ आली की ड्रायर खाली ठेवावा लागला. पेंटरला तर जुना हिशेब चुकता करायची पर्वणीच मिळाली होती. आता थांबा, आता बघा, घाई नको, असं तो थेट बाईंच्याच आवाजात बोलायला लागला.

मागचा बिल्ला धातूचा होता. त्याच्या मागून मासे धरायच्या गळाचा दोरा घालून दोघांनी दोन टोकं धरली आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायला सुरुवात केली. डिंक हट्टाला पेटला होता. शेवटी बिल्ला सुटला तो एकदमच, आणि बाई दोऱ्याच्या टोकासकट फरशीवर बसल्या. वरच्या गॅलरीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईंनी बसल्याबसल्याच मान झुकवून त्या स्वीकारल्या. उरलेल्या डिंकावर तेल चोळलं, ते मुरू दिलं आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने डिंक लोटून काढला. रंगाला कुठे नख लागलं नव्हतं.

साडेदहाला गाडी पुसून झाली आणि दोघं कौतुकाने दोन पावलं मागे सरली. बघतात तर काय! इतक्या वर्षांच्या उन्हाने सगळी गाडी फिकी पडली होती, पण अक्षरांखालचा रंग मात्र तस्साच लालभडक राहिला होता. दारावर 'शिकाऊ' आता आधीपेक्षाही ठसठशीत दिसत होतं. पेंटरने पॉलिश घासघासून पाहिलं. फरक पडला, पण शब्द काही हलला नाही. एकदोन वर्षं उन्हात राहिली की होईल एकसारखी, असं तो खाली बघत म्हणाला. बाईंना रडूच यायला लागलं.

अकराला ताई आली, नवे बूट घालून. बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारायला लागल्या. ताईने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं, चष्मा लावला आणि वाचलं. जाईल गं हे, वर्षभरात जाईल, अशी बाईंनी घाईघाईने सारवासारव केली.

"कशाला घालवतेस?" ताई म्हणाली. "सगळ्या जगाला शिकवलंस. मला एकदा तरी विचारलंस, ताई, तुला शिकायचंय का?"

बाईंनी खरंच विचारलं नव्हतं. लोकांना खूळ वाटेल, एवढंच त्या ऐकत आल्या होत्या. खूळ खरोखरच लागलेलं असेल, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ताईने पिशवीतून शिकाऊ परवाना काढून त्यांच्या हातात दिला. तो काढून महिना झाला होता. तू रिटायर झालीस की सवड मिळेल, म्हणून थांबले, ती म्हणाली, आणि वळसा घालून सरळ स्टीअरिंगसमोर जाऊन बसली.

बाई डोळे पुसत शेजारी बसल्या. आवाराबाहेर मोकळी जागा होती. आधी आरसा नीट कर, असं त्यांनी सांगितलं, तर ताईने आरसा आपल्याकडे वळवला आणि केस नीट केले. मग गाडीने एक जोरदार उडी मारली आणि बंद पडली. पेंटर आपल्या पायरीवरून उठून घराच्या आत गेला. ताईने पुन्हा किल्ली फिरवली, आणि बाई पोट धरधरून इतक्या हसल्या, की पुढे काय शिकवायचं तेच विसरून गेल्या.