जोडीची गाडी

आई ट्रक चालवायला शिकतेय हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी एकच वाक्य तीन सुरांत म्हणून दाखवलं. आईसमोर, टाळी वाजवत: "अगं बाई, ट्रक! कमाल आहे हं तुझी!" बाबांसमोर, आवाज खाली आणून: "ट्रक? अहो, कमाल आहे तुमची." आणि जिन्यात, खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कानात: "ट्रक म्हणे. कमाल असते बाई एकेकांची."

आई त्याआधी एका बेकरीचा छोटा टेम्पो चालवायची. बेकरी बंद पडली, टेम्पो विकला गेला आणि आईने थेट सोळा चाकांचं लायसन काढायचं ठरवलं. शिकवणारे सर सुरुवात दवाखान्यात बोलावं तशी करायचे आणि शेवट आग लागल्यासारखा. "ताई, आपण आता सावकाश, आरशात बघत, शांतपणे मागे जायचंय, कसलीही घाई नाही, ताई डावीकडे नाही, ताई, ताई, ताई, दाबा ब्रेक!"

मागे जोडलेला ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे आईच्या डोक्यात शिरेना. म्हणून तिने माझा कंपास आणि बाबांची चष्म्याची डबी रबराने एकमेकांना बांधली आणि जेवणाच्या टेबलावर रिव्हर्स घ्यायला लागली. ताटं, वाट्या, भांडी, सगळी वाहतूक ठप्प. बाबा म्हणायचे, "मीठ हवं होतं, पण तुमचं वाहन निघाल्यावर द्या, चालेल." शेवटी एक दिवस चष्म्याची डबी दोन पेल्यांच्या मधून कुठेही न घासता मागे गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई परीक्षा पास झाली.

तिला वाटलं, आता गाडी मिळेल. मिळाली, पण दुसरीची.

आई लागली त्या मालवाहतूक कंपनीत नव्या माणसाला आधी जुन्या ड्रायव्हरसोबत जोडीने पाठवतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या फळीवर झोपायचं, मग अदलाबदल. त्यामुळे जोडीची गाडी थांबतच नाही आणि सगळ्यात लांबच्या फेऱ्या तिच्याच वाट्याला येतात. आई घरी यायची ती महिन्यातून एखाद्या वेळी, तीही कपडे धुण्यापुरती. एकट्या ड्रायव्हरला मात्र नियमाने थांबून झोपावं लागतं, म्हणून त्याला जवळच्या फेऱ्या. तो दर आठवड्याला घरी. आईला तेवढंच हवं होतं. एकटीची गाडी. आणि ती कधी द्यायची, हे जुनी ड्रायव्हर ठरवणार होती.

तिला सगळे हेडबाई म्हणायचे. काटक अंग, बारीक कापलेले केस आणि बोलणं हजेरी घेतल्यासारखं. काहीही सांगून झालं की विचारायच्या, "काय सांगितलं मी?" आणि समोरच्याने ते परत म्हणायचं.

"टायर ठोकून बघ. काय सांगितलं मी?"

"टायर ठोकून बघ."

"मला नको सांगूस, टायरला सांग!"

आई घरी आली की हे सगळं करून दाखवायची, आणि मी तिच्यापेक्षा चांगलं करायचे. हसून हसून बाबांना ठसका लागायचा. एकदा असंच चाललेलं असताना आमची धाकटी, वय वर्षं चार, पेला दोन्ही हातांत धरून आईसमोर आली आणि म्हणाली, "पाणी घ्या. तुम्ही बसा ना." घरी कुणी आलं की असं म्हणायचं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा. तिने पाणी अगदी तळापर्यंत संपवलं आणि पेला खाली ठेवायच्या आधी कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझी गाडी कधी?"

"बघतो." त्यातला 'बघ' मैलभर लांब आणि 'तो' इतका आखूड की तो ऐकू येईपर्यंत फोन ठेवलेला असायचा. मग साहेब हेडबाईंना विचारायचे आणि हेडबाई दर वेळी तेच सांगायच्या, "कच्ची आहे अजून. राहू दे माझ्याजवळ."

आईने चंगच बांधला. खड्डा लांबून हेरायचा, ब्रेक असा दाबायचा की डॅशबोर्डवरचा चहा हलता कामा नये, गिअर असा टाकायचा की कुणाला कळूही नये. आणि हेडबाई खूश झाल्या. ढाब्यांवर, गोदामांत, भेटेल त्याला सांगत सुटल्या, "हिच्या गाडीत झोप काय लागते, विचारू नका!" ड्रायव्हर लोकांत याच्यापेक्षा मोठी शाबासकी नाही. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना फळीवर डोळा लागणं म्हणजे जीवच त्याच्या हवाली करणं. आई फुलून गेली होती. तिची एकच तक्रार होती. कंपनीचं यार्ड जवळ आलं की हेडबाई उठायच्या आणि "हो बाजूला, गेटात मी घेते" म्हणून स्वतः बसायच्या. "सगळा रस्ता मी हाकायचा आणि मान ताठ करून आत शिरायचं त्यांनी," आई म्हणायची.

बाबा इस्त्री करत होते. त्यांनी शर्टाची कॉलर उलटली आणि म्हणाले, "तू पाळणा हलवतेस आणि वर विचारतेस, बाळ उठत का नाही."



पुढच्या फेरीपासून आईने गाडी वाईट चालवायला सुरुवात केली. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. हात ऐकेनात. खड्डा दिसला की आपोआप टाळला जायचा, मग स्वतःला शिव्या घालत पुढच्यात चाक घालायचं. त्यातही तिने नियम ठेवला होता. मागे काच किंवा फरशी असेल तर गाडी लोण्यासारखी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या नाहीतर कापसाच्या गाठी असल्या की मग गतिरोधकावरून सरळ उड्डाण. फळीवरून आवाज यायचा, "अगं ए! माझं डोकं आहे ते, नारळ नाही!" गिअर करकरला की, "दळण घातलंयस का?" ब्रेक लागला की नुसतं, "आई गं." ते शेवटचं मी घरी केलं तेव्हा आई हसली नाही. "ते नको करूस," म्हणाली. मी विचारलं का, तर सांगितलं नाही.

शेवटी हेडबाई साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. सगळं ऑफिस ऐकत होतं. "हिला माझ्याजवळून काढा. डोळ्याला डोळा लागत नाही. बैल परवडला!"

"मग तुम्ही जा एकट्या," साहेब म्हणाले. "जवळची फेरी देतो. नवीन गाडी आली की हिला बसवतो तिच्यावर."

आई घरी आली ती नाचतच. धाकटीला खांद्यावर घेऊन तिने घरभर ट्रक केला, भोंग्यासकट.

हेडबाई एकट्या निघाल्या आणि टोलनाक्याच्या रांगेत अडकल्या. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. क्लच, ब्रेक, थोडं पुढे, परत क्लच. त्यांचा डावा पाय कमरेपासून सुन्न पडला. त्या दाबत होत्या आणि क्लच दाबला जात नव्हता. गाडी दोन रांगांवर आडवी बंद पडली. मागे भोंगे, शिव्या. कुणी आपटलं नाही, कुणाला खरचटलं नाही. शेवटी मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने त्यांना खांद्याला धरून खाली उतरवलं. पाय कितीतरी दिवसांपासून असा होता. सरळ रस्त्यावर, जिथे गिअर बदलायला लागत नाही, तिथे चालून जायचं. गेटातून आत शिरण्यापुरतं, लोकांना दिसावं म्हणून, त्या कसंबसं रेटायच्या. बाकीचा रस्ता आई चालवत होती.

साहेबांचा फोन आला. या वेळी 'बघतो' नव्हतं. "या. गाडी मिळालीय."

"कुठली?"

"तुम्ही चालवत होता तीच."

मला सुट्टी होती म्हणून आईची वळकटी घेऊन मीही यार्डात गेले. हेडबाई केबिनमधून आपलं सामान काढून खाली ठेवत होत्या. थर्मास, चपला, डाव्या गुडघ्याखाली घ्यायची लांबट उशी. एक एक वस्तू, पायरी धरून. मदतीला पुढे झालेल्या माणसाला त्यांनी हातानेच लांब ठेवलं.

"बाई," आई म्हणाली.

"ये. सीट पुढे ओढून घे, तुझे पाय आखूड आहेत." मग माझ्याकडे बघून, "ही नक्कलवाली ना? कर बघू माझी." मी वळकटी तोंडापुढे धरली. त्या परत आईकडे वळल्या. "ते खड्डे तू मुद्दाम घेत होतीस."

आई वाकून खाली ठेवलेला थर्मास सरळ करायला लागली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. सगळा जन्म त्या फळीवर गेलाय माझा. कच्चा हात कुठला आणि रुसलेला कुठला, ते पाठीला कळतं."

"कळलं होतं तर मग साहेबांकडे कशाला गेलात?"

"पाठ दुखत होती म्हणून!" हेडबाई ओरडल्या. मग आवाज खाली आला. "वाटलं, जमेल अजून."

"पायाचं मला सांगायचं होतंत, बाई."

"सांगितलं असतं तर माझ्याजवळ थांबली असतीस?"

माझी आई खोटं बोलताना वरचा ओठ दातांत धरते. मी बघत होते. तिने धरला नाही.

"नाही," ती म्हणाली. "नसते थांबले."

"मग झालं तर." हेडबाईंनी उशी काखेत मारली. "गेटवर खुर्ची देणार आहेत मला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नंबर बघायला. तुझाही बघेन."

तेवढ्यात साहेब आले. मागे एक मुलगी, कपड्यांची नवी कोरी बॅग छातीशी धरलेली.

"ही नवीन. कालच आली. हिला घ्या सोबत, शिकवा. तुम्ही म्हणाल तेव्हा हिला वेगळी गाडी देऊ."

आईचा एक पाय पायरीवर होता. "साहेब, मला एकटीची गाडी म्हणाला होतात."

"गाडी म्हणालो होतो. ही जोडीची आहे. हिची फेरी लांबचीच. बदलायचं म्हणजे... बघतो."

हेडबाई हसायला लागल्या. मी त्यांना कधी हसताना ऐकलं नव्हतं, कुणीच ऐकलं नसावं. त्या हसल्या आणि हसता हसता गुडघा धरून आपल्याच सामानावर बसल्या. यार्डातले लोक बघायला लागले. आई वर चढली. मी वळकटी दिली ती तिने न बघताच फळीवर टाकली. मुलगी दुसऱ्या दाराने धडपडत चढली, दोनदा पाय घसरला.

"ताई," तिने बसल्या बसल्या विचारलं, अगदी गोड आवाजात, "स्वतःची गाडी किती दिवसांत मिळते हो इथे?"

आईने गाडी चालू केली. आरसे बघितले, डावा, उजवा, परत डावा. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "पट्टा लाव."