तुडुमाजवळची लाट

अर्जुनी मोरगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या रचनाने समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी २००८च्या ऑक्टोबरात तिने चेन्नईच्या एका संशोधन संस्थेला अर्ज धाडला. लाटांपासून वीज काढण्याच्या प्रकल्पात पीएच.डी.ची एकच जागा होती. ती आपलीच, असं तिने अर्ज टाकतानाच ठरवलं होतं.

"समुद्र नाही पाह्यला अन् लाटा शिकाले चालली," वडील केवळराम म्हणाले.

"लाट ते लाट, बाबा. तलावात काय अलग राहते?"

केवळराम गावतलावाचं पाणी सोडण्याचं काम करत. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. त्याच्या दगडी भिंतीशी खुणांचा खांब रोवलेला होता. त्यावर पाणी वाचून धानाला ते किती दिवस पुरेल, हे केवळराम सांगत. रचना लहानपणापासून त्याच खांबावर पाणी वाचायला शिकली. त्यामुळे लाटा मोजायलाही ती तिथेच बसली. पावसाळाभर वाऱ्याचे दिवस गाठून तिने लाटांची उंची टिपली, त्यावरून ऊर्जा काढली आणि तक्ता अर्जाला जोडला.

डिसेंबरात मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच आठवड्यात ती पुन्हा खांबापाशी लाटा टिपत असताना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं वाळवत बसलेल्या यादोराव ढिवराने तिला हटकलं.

"मास्तरीनबाई, लाटा इथंच काऊन मोजून राहिली?"

"बाबा इथंच मोजतेत."

"तुहा बाप पानी मोजते. पानी कुठंबी मोज, सारखंच. लाट या दगडाच्या भितीवर आदळते, वापस येते, मागच्या लाटेवर चढते. तू दोन लाटा एक म्हनून लिवून राहिली."

रचनाने वही मिटली. परावर्तनाचा धडा ती दरवर्षी मुलांना शिकवत होती.

"काका, डोंग्यात बसवता का मले?"

"पोहता येते?"

"नाही."

"मंग हालू नको."

यादोरावने डोंगा तलावाच्या मध्यावर नेऊन खुणांचा बांबू रोवला. तिथे रचना वाचत होती आणि त्याच वेळी खांबापाशी केवळराम. खांबावर एकवीस सेंटिमीटर, मध्ये बारा. उंची पावणेदोन पट चुकली होती. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे ऊर्जेचा आकडा तिप्पट फुगला होता. आणि तो केव्हाच चेन्नईला पोहोचला होता.

"आता सांगू नको," केवळराम म्हणाले. "त्याइले काय मालूम आपला तलाव?"

"त्याइले नसंल. मले तं आहे."

मुलाखतीत पाच जण समोर होते. कोणी काही विचारण्याआधीच रचना आपल्या साध्या इंग्रजीत म्हणाली, "सर, अर्जातला ऊर्जेचा आकडा चूक आहे. खरा त्याच्या एक तृतीयांश आहे." आणि नवा तक्ता तिने पुढे सरकवला.

अध्यक्षांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. "लाट पूर्ण परतली असती तर उंची दुप्पट व्हायला हवी. पावणेदोन पटच का?"

"भिंतीच्या दगडांत फटी आहेत. काही जोर तिथे जिरतो."

"किती जिरतो?"

"अजून मोजलं नाही. मोजण्याची पद्धत सांगू शकते."

तिने फळ्यावर भिंत काढली. प्रश्न संपेतो पाऊण तास गेला. संध्याकाळी निवड झालेलं एकच नाव लागलं, ते तिचं होतं. तिने गावी फोन लावला.

"काय इचारलं?" केवळरामांनी विचारलं.

"तुडुमाची भीतच इचारली, बाबा. जानेवारीत रुजू व्हाचं आहे."