एका मतानं पडलेले मेंबर

निजामाच्या अमलात परभणीला आमच्या शेजारी बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, एक मेंबर राहत. त्यांनी बलदियाचा सदर, म्हणजे अध्यक्ष, व्हायचं ठरवलं आणि शेरवानी चढवून बाजारात दिसेल त्याच्यापुढं हात जोडायला सुरुवात केली.

मी म्हणालो, "मेंबरसाहेब, मत तर फक्त मेंबरांना हाय. आमाला कशाला इनंती?"

"खरं सांगू? मेंबर मला वळखतेत. म्हणून तर तुमच्याकडं यायलोय."

तरी ते एकाच मतानं पडले. संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"सोताचं मत तरी सोताला दिलंत ना?" मी विचारलं.

"न्हाई," ते लाजत म्हणाले. "समोरच्या उमेदवारानं हात धरून मागितलं. खरं सांगू? लय बरं वाटलं. मला आजवर कुणी काही मागितलंच नव्हतं."