जिवंत असल्याची खूण

२००७ च्या सुमारास मी सूसला भाड्यानं राहायचे आणि स्कूटीवरून हिंजवडीतल्या एका कंपनीत जायचे. काम ऐकून लोक आधी हसत, मग लग्नाचं विचारत. माणूस नसलेल्या एका अवकाशयानाच्या मेंदूची आम्ही चाचणी घ्यायचो. यान इतकं लांब जाणार की आपला हुकूम पोचेपर्यंत काम तमाम. म्हणून बिघाड ओळखणं, निर्णय घेणं, सगळं त्याच्या कृत्रिम बुद्धीवर सोपवलेलं. ती शुद्धीवर आहे हे कळावं म्हणून यान ठरल्या वेळी एक खूण पाठवायचं : मी ठीक आहे.

दादांचं आणि माझं तसंच चाले. दादा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ताम्हिणीत एकटेच धाबा चालवायचे. फोनला रेंज फक्त वरच्या वळणावर. रोज संध्याकाळी त्यांनी चढण चढून दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचं, मी उचलायचा नाही, असं ठरलेलं. रिंग आली म्हणजे पाय चालतायत, छातीत दम आहे. रविवारी मी जायचेच.

त्या पावसाळ्यात मी एक खोट पकडली. यानाची बुद्धी मी मुद्दाम बंद पाडली, तरी खूण येतच राहिली. खूण पाठवणारा भाग वेगळाच होता. आत सगळं ठप्प झालेलं आणि हा आपला घड्याळ बघून ‘मी ठीक आहे’ म्हणतोय! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी शेफारले. दुरुस्तीपायी दोन रविवार ऑफिसातच गेले. रिंगा मात्र रोज न चुकता येत होत्या.

मग एका गुरुवारी रिंग थांबेचना. तीन, चार, पाच. म्हातारा कट करायला विसरला वाटतं, म्हणून मी हसले. उचलला नाही. फोन पुन्हा वाजला तेव्हा उचलला. धाब्याशेजारच्या काकू होत्या.

“बाय, असशील तशी निघ. दादा बोलंनात.”

मी पोचले तेव्हा दादा गेले होते. नऊ दिवस तापानं अंथरुणात होते. नऊ दिवस त्यांचा फोन घेऊन काकूच चढण चढत होत्या.

“मला सांगितलं का नाही?” मी त्यांच्या अंगावर ओरडले.

“त्येच म्हनले, पोरीचं मोठं काम चाललंय, तिला घोर नको. दोन रिंगा दिल्या की बास. गोळ्या चालू व्हत्या, उतरंल म्हनले ताप. मला तरी काय ठावं गं, येवढं व्हईल.”

काकू रडत होत्या. मला त्यांचा राग आला, दादांचा त्याहून जास्त, आणि माझी तर किळस आली.

यानाची खोट मी नीट दुरुस्त केली होती. ज्याच्या जिवाची खूण, त्यानंच ती द्यायची. दुसऱ्या कुणी दिली तर धरायची नाही. त्या दुरुस्तीच्या कागदावर माझी सही आहे. पुढं एकदा तारीख पाहिली. दादांच्या तापाचा तो सहावा दिवस होता. त्या संध्याकाळीही दोन रिंगा आल्या होत्या आणि मी पोटभर जेवले होते.