सरोवराची खोल बाजू

मुखेडच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे. हिमनदीने कोरलेल्या सरोवराची आकृती फळ्यावर काढताना मी पाझर तलावाचा आधार घेई. पाणी बांधाच्या भिंतीपाशी सर्वांत खोल, वरच्या अंगाला उथळ. आमच्याकडे म्हशी धुवायला वरच्या अंगालाच नेतात, त्यामुळे मुलांना ते लगेच पटे.

निवृत्तीनंतर पत्नीसह काश्मीरला गेलो, तेव्हा असे सरोवर प्रथमच पाहिले. तीन बाजूंना उभे कडे, घळींत जुने बर्फ. चौथ्या बाजूला ठेंगणा खडकाळ उंबरठा आणि त्यावरून ओढा होऊन उतरणारे पाणी. उंबरठ्याशी पाणी फिकट हिरवे होते, कड्याखाली गर्द निळे, जवळजवळ काळे. हा फरक मी पाहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही. पत्नीला पाण्यात पाय बुडवायचे होते. "कड्याच्या बाजूला चल, वरच्या अंगाला उथळ असतं," मी सांगितले.

ती खडकावरून पाण्यात उतरणार, तोच आम्हाला वर घेऊन आलेला घोडेवाला ओरडत धावला आणि त्याने तिला दंड धरून मागे ओढले. मग त्याने एक मोठा पांढरा दगड तिथेच पाण्यात सोडला. पाणी नितळ होते. दगड खाली खाली जाताना बराच वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

कड्यावरून उतरणाऱ्या बर्फाचा भार पायथ्याशी पडतो, म्हणून खोदकामही तिथेच खोल होते. अडवलेले पाणी आणि कोरलेल्या खड्ड्यात साचलेले पाणी यांत मी गल्लत केली होती.

"अहो, पोरांना हेच शिकवलं का तुम्ही?" पत्नीने विचारले.

"हेच."

परतल्यावर नायगावला शिक्षिका असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला फोन करून ही चूक सांगितली.

"सर, मी तर तुमचीच आकृती शिकवून राहिले की! आता तुम्हीच येऊन सांगा. माझं पोरं ऐकायची न्हाईत."

मी तिच्या वर्गावर गेलो. जुनी आकृती काढून तिच्यावर फुली मारली, शेजारी नवी काढली.

"हे तुम्हाला कोनं सांगितलं सर?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले.

"एका घोडेवाल्याने."

"मंग त्यो पास अन् तुम्ही नापास?"

वर्ग हसला, बाईही हसल्या.

"या प्रश्नात नापास," मी म्हणालो. "वह्या काढा. आधी कड्याखालचा खड्डा काढायचा, पाणी नंतर."