लिफ्टमनच्या लॅपटॉपवर मेव्हण्याचं खातं

आमच्या वाचनालयात लिफ्टमन यायचा तो ड्यूटी संपवून, गणवेशावरच. वय बेचाळीस. दिवसभर स्टुलावर बसून सॉफ्टवेअरवाल्यांना वर-खाली पोचवायचं. त्यांचं बोलणं ऐकून ऐकून याच्या डोक्यात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिरली. कुणी शिकवलं नाही. मलाही कधी कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं.

ज्यात प्रोग्राम लिहायचा तो नुसता एडिटर बसवायला त्याला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा जावा चालवायची सोय टाकली, प्रोग्राम तयार करायची टाकलीच नाही, आणि एडिटर आपला लाल रेघा ओढत बसला. "हा तर आमच्या हेडमास्तरांपेक्षा खडूस निघाला," म्हणाला. मग ती राहिलेली सोय, म्हणजे जेडीके, उतरवलं, ते कुठे ठेवलंय हे मशीनला सांगितलं, एडिटरला जावा कळावी म्हणून तिचं एक्स्टेंशन जोडलं, डोळे अधू म्हणून अक्षर मोठं केलं. पहिला प्रोग्राम चालला त्या दिवशी पठ्ठ्याने अख्ख्या वाचनालयाला उठवून स्क्रीनपुढे उभं केलं.

तो लिफ्ट चालवायचा त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, डेव्हलपर. त्याच्या कंपनीने शिकाऊ जागेसाठी परीक्षा ठेवली. पदवी नको. आपला लॅपटॉप आणायचा आणि दिलेला प्रोग्राम दुरुस्त करून दाखवायचा. फक्त कोड आपोआप लिहून देणारा मदतनीस चालणार नाही. लिफ्टमनने अर्ज भरला. स्टुलावरून उठायची ही एकच संधी होती, आणि ते त्यालाही कळत होतं.

आदल्या रविवारी मेव्हणा घरी आला.

"भाऊजी, हा काय अवतार? आणा इकडे, माझी सेटिंग्ज टाकून देतो."

"अरे, चालतंय की माझं."

"चालते तर सायकलपण!"

बायको म्हणाली, "द्या ना. एवढ्या प्रेमानं म्हणतोय."

दिला. मेव्हण्याने स्वतःच्या कंपनीच्या खात्याने लॉगिन केलं आणि त्याच्या एडिटरमधलं सगळं सामान इकडे आलं: रंग, शॉर्टकट, आणि तो मदतनीसही. खातं तसंच उघडं टाकून स्वारी जेवून गेली. लिफ्टमनने पुन्हा उघडून पाहिलं नाही. घरच्या माणसाचं काम तपासायचं कसं, असं त्याला वाटलं. मूर्खपणा!

परीक्षेत त्याने एक ओळ लिहिली आणि खाली सहा ओळी फिकट अक्षरांत आपोआप उमटल्या. हे बंद कुठून करायचं ते शोधेपर्यंत परीक्षक बाई मागे येऊन उभ्या. खात्यावर नाव मेव्हण्याचं. त्याला बोलावलं. कंपनीचं खातं बाहेरच्या मशीनवर उघडलं तर तिथे नोकरी जाते.

"हे तुम्ही उघडून दिलंत?"

मेव्हण्याने लॅपटॉपकडे बघितलं, भाऊजींकडे नाही. "नाही मॅडम. माझा पासवर्ड बघून ठेवला असेल त्यांनी. घरी येणंजाणं असतं."

लिफ्टमनने ते ऐकलं आणि लॅपटॉप मिटला. त्याला बाद केलं.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" संध्याकाळी त्याने हे सांगितल्यावर मी एवढ्या जोरात ओरडलो की वाचनालयातले लोक वळून बघायला लागले.

"खरं सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. तिचा भाऊ आहे तो."

"आणि तू कोण तिचा?"

त्याने लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेला.

घरी त्याने "नापास झालो" एवढंच सांगितलं. बायकोने भावाला फोन लावला आणि वर माफी मागितली. "तू एवढं करून दिलंस रे, यांनाच जमलं नाही." तो म्हणाला, "असू दे गं ताई. वय झालं आता भाऊजींचं."

हे लिफ्टमनने मला हसत सांगितलं. ते हसणं मला सोसलं नाही. मी म्हटलं, मी हे आपल्या वाचनालयाच्या मासिकात छापणार. "छाप," म्हणाला, "पण नावं नकोत."

नावं घातलेली नाहीत. पण त्याची बायको दर महिन्याला आमच्याकडून हे मासिक घरी नेते, आणि पहिल्या चार ओळींतच ओळखेल. ओळखू दे. वहिनी, तुमचा नवरा नापास झालेला नाही. काय झालं ते भावाला विचारा, आणि विचारताना त्याच्या डोळ्यांत बघा.